जुन्या विंडोजवर सेटअप अडतो तेव्हा: काय कमी आहे ते ओळखण्याची आणि भरून काढण्याची रीत

गिरगावातील एका गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात २०११ साली घेतलेला संगणक अजूनही रोज सकाळी सुरू होतो. त्यावर विंडोज ७ आहे, सभासदांची देखभाल बिले त्यावरच निघतात, आणि नवा संगणक घ्यायचा विषय निघाला की तो सर्वसाधारण सभेपुढे जाऊन पुढच्या वर्षावर पडतो. मध्यंतरी हिशेबाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकताना सेटअप निम्म्यावर थांबला आणि अमुक नावाची डीएलएल (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशी) फाइल या संगणकात नाही, असा संदेश पडद्यावर आला. सचिवांनी पडद्याचा फोटो काढून मला पाठवला खरा, पण तोवर एका उत्साही सभासदाने ती फाइल इंटरनेटवरून शोधून, उतरवून, विंडोजच्या फोल्डरात नेऊन ठेवलीही होती, आणि पहिला संदेश जाऊन त्याच्या जागी दुसरा, नुसत्या आकड्यांचा आणि अधिकच अगम्य संदेश येऊ लागला होता.

प्रभादेवीच्या औद्योगिक गाळ्यांतील छापखाने, लहान दवाखाने, शाळांची कार्यालये अशा ठिकाणी हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्यावरची उपाययोजना एकदा क्रमाने लिहून ठेवावी असे वाटले. पुढील मजकूर मुख्यतः विंडोज ७ साठी आहे, कारण मुंबईतील जुन्या यंत्रांपैकी माझ्यापर्यंत येणारी बहुतेक त्याच आवृत्तीची असतात. विंडोज ८.१ आणि एक्सपी यांचा उल्लेख जेथे लागेल तेथेच केला आहे.

अडचणीचे मूळ समजून घेणे अवघड नाही. कोणताही प्रोग्राम आपले सगळे सामान स्वतःबरोबर आणत नाही. कार्यालयात लग्नाचा स्वयंपाक करायला येणारा आचारी मसाले आणि झारे आपले आणतो, पण शेगड्या आणि मोठी पातेली कार्यालयात असतीलच हे गृहीत धरतो, तसेच हे आहे. प्रोग्राम ज्या परक्या घटकांवर विसंबून असतो त्यांना डिपेंडन्सी म्हणतात. आजचे प्रोग्राम बहुधा विंडोज १० किंवा ११ वर तयार होतात आणि तपासलेही तेथेच जातात. तेथे हे घटक आधीपासून असल्यामुळे, ते जुन्या विंडोजमध्ये नसतील, ही गोष्ट सेटअप बांधणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

मात्र 'नाही' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. एक, प्रोग्रामला लागणारा वेगळा संच बसवलेला नाही. दोन, तो संच बसवण्यासाठी खुद्द विंडोजला लागणारी एखादी अपडेट आलेली नाही. तीन, प्रोग्राम जे मागतो आहे ते विंडोजच्या त्या आवृत्तीत कधी नव्हतेच. पहिल्या दोहोंवर उपाय आहे आणि तो फुकट आहे. तिसऱ्यावर नाही, आणि लोकांचे सर्वाधिक तास त्या तिसऱ्याच्या मागे धावण्यात जातात.

हात लावण्यापूर्वी

प्रथम यंत्र नेमके काय आहे ते पाहावे. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबल्यावर उघडणाऱ्या रन चौकटीत विनव्हर हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहून एंटर दाबावे. विंडोज ७ असल्यास आवृत्ती ६.१ दिसेल आणि तिच्यापुढे बिल्ड क्रमांक असेल. तो ७६०१ असेल आणि सोबत सर्व्हिस पॅक १ (विंडोजच्या सुधारणांचा एकत्रित संच) असे लिहिलेले असेल, तर पाया ठीक आहे. ७६०० असेल तर त्या यंत्रावर सर्व्हिस पॅक कधी बसलाच नाही, आणि तो बसेपर्यंत या लेखातील पुढचे जवळजवळ काहीच बसणार नाही. त्यानंतर स्टार्ट मेनूतील कॉम्प्युटर या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे आणि सिस्टम टाइप या ओळीपुढे ३२ बिट लिहिले आहे की ६४ बिट, ते कागदावर टिपून ठेवावे. पुढे प्रत्येक वेळी फाइल उतरवताना हा आकडा लागतो.

दुसरी तपासणी तारखेची. ही सूचना काहींना पोरकट वाटेल, पण दहा-पंधरा वर्षांच्या यंत्रात मदरबोर्डवरील नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी संपलेली असते आणि रात्री मुख्य बटण बंद केले की संगणक सकाळी एखाद्या जुन्याच साली जागा होतो. आजच्या सेटअप फाइलींवर डिजिटल सही असते आणि त्या सहीच्या प्रमाणपत्राला मुदत असते. संगणकाच्या मते आज २००९ साल चालू असेल, तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नाही, त्यामुळे सही खोटी ठरते, सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि सेटअप भलत्याच कारणाने नापास होतो. एका छापखान्यात मी दीड तास अपडेट शोधत बसलो होतो आणि अखेर काम झाले ते कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातून आणलेल्या बॅटरीने.

तिसरे म्हणजे हिशेबाची आणि इतर कामाची माहिती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि सी ड्राइव्हवर किती जागा मोकळी आहे ते पाहावे. सर्व्हिस पॅक १ उतरवलेल्या फाइलीवरून बसवायचा असेल तर मायक्रोसॉफ्टने ३२ बिटसाठी ४१०० एमबी आणि ६४ बिटसाठी ७४०० एमबी जागा मोकळी असावी असे सांगितले आहे. ती नसेल तर काम अर्ध्यावर थांबते आणि पूर्ववत होण्यात बराच वेळ जातो.

संदेश कसा वाचावा

संदेशाचा फोटो अवश्य काढावा, कारण एकदा ओके दाबल्यावर त्यातील नाव कोणाच्या लक्षात राहत नाही. त्या नावातच पुष्कळदा उत्तर असते.

नाव एमएसव्हीसीआर किंवा एमएसव्हीसीपी या अक्षरांनी सुरू होत असेल तर पुढचा आकडा पाहावा. तो १०० असेल तर मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस या प्रोग्राम बनवण्याच्या साधनाचा २०१० चा रीडिस्ट्रिब्युटेबल, म्हणजे प्रोग्रामांना लागणाऱ्या सामायिक फाइलींचा संच हवा आहे, ११० असेल तर २०१२ चा आणि १२० असेल तर २०१३ चा. १३० हा आकडा कोठेच आढळणार नाही, कारण आवृत्ती १३ निघालीच नाही. १४० असेल, किंवा नाव व्हीसीरनटाइम१४० असेल, तर २०१५ ते २०२२ अशी वर्षे ज्याच्या नावात आहेत तो एकत्रित संच हवा. व्हीसीरनटाइम१४० या नावापुढे अधोरेषा आणि १ असेल तर थोडे सावध व्हावे. ही फाइल २०१९ च्या संचाबरोबर आली, त्यामुळे ज्या यंत्रावर २०१५ किंवा २०१७ चा संच आहे तेथे 'संच तर आहे, मग फाइल कशी नाही' असा प्रश्न पडतो. तोच संच नव्या आवृत्तीचा बसवला की ती येते. डी३डीएक्स९ या अक्षरांनी सुरू होणारे नाव असेल तर जून २०१० चा डायरेक्टएक्स रनटाइम लागतो. आणि फाइलीचे नाव न येता 'साइड बाय साइड' मांडणी चुकीची आहे असा संदेश आला तर बहुधा २००५ किंवा २००८ चा जुना संच हवा असतो.

हे संच एकमेकांची जागा घेत नाहीत. २०१३ चा संच असला म्हणून २०१० चा लागत नाही असे नाही, आणि नवा बसवताना जुना काढण्याची गरज नसते. कंट्रोल पॅनेलमध्ये एकाच नावाच्या सहा-सात नोंदी पाहून 'ही सगळी अडगळ आहे' असे समजून त्या काढून टाकणारे सफाईप्रेमी लोक मी पाहिले आहेत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निम्मे प्रोग्राम बंद पडलेलेही पाहिले आहेत. तसेच ६४ बिट विंडोजवर बहुतेक वेळा ३२ आणि ६४ बिट असे दोन्ही संच लागतात, कारण संच प्रोग्रामच्या बिटांप्रमाणे हवा असतो, विंडोजच्या बिटांप्रमाणे नाही.

आता एपीआय-एमएस-विन या लांब नावांकडे वळू. गिरगावच्या संगणकावर हेच नाव आले होते. या नावात पुढचा शब्द सीआरटी आहे की कोअर, हे आधी पाहावे. सीआरटी असेल तर युनिव्हर्सल सी रनटाइम नावाचा घटक नाही, असा अर्थ आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये सी भाषेचा हा पायाभूत घटक व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या संचातून वेगळा करून विंडोजचाच भाग केला. विंडोज १० मध्ये तो जन्मतः असतो, विंडोज ७ आणि ८.१ वर तो केबी२९९९२२६ या अपडेटने येतो. म्हणजे हे दुखणे बरे होणारे आहे. पुढचा शब्द कोअर असेल तर केबी२९९९२२६ बसवून एकदा पाहावे, कारण त्या अपडेटबरोबर कोअर नावाच्या काही मोजक्या फाइलीही येतात. त्यानंतरही तोच संदेश राहिला तर प्रोग्राम विंडोज ८ किंवा १० मध्येच असलेली सोय मागतो आहे असे समजावे. पायथन ३.९ विंडोज ७ वर चालवू पाहणाऱ्यांना दिसणारे एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ हे नाव याच जातीचे आहे.

शेवटचा प्रकार म्हणजे 'प्रोसिजर एंट्री पॉइंट' सापडला नाही, असे सांगून शेवटी कर्नेल३२ या डीएलएलचे नाव घेणारा संदेश. येथे फाइल जागेवरच आहे, परंतु प्रोग्राम तिच्यातील ज्या फंक्शनला, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याला, हाक मारतो आहे ते तिच्यात नाही. क्रिएटफाइल२ किंवा गेटसिस्टमटाइमप्रिसाइजअ‍ॅझफाइलटाइम ही नावे दिसली तर शोध तेथेच थांबवावा, कारण ही दोन्ही फंक्शने विंडोज ८ पासून आली आणि विंडोज ७ च्या कर्नेलमध्ये ती आणणारी कोणतीही अधिकृत अपडेट नाही. याला एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. सेटडिफॉल्टडीएलएलडिरेक्टरीज या नावाचे फंक्शन विंडोज ७ ला मागाहून एका अपडेटने मिळाले. त्या अपडेटचा क्रमांक केबी२५३३६२३ होता आणि पुढे तिची जागा केबी३०६३८५८ ने घेतली. हे एकच नाव येत असेल तर ती अपडेट बसवून पाहावी.

एकटी डीएलएल आणू नये

फाइलीचे नाव शोधयंत्रात टाकले की ती फुकट देणारी संकेतस्थळे रांगेने उभी राहतात. तेथून फाइल घेऊ नये, असे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो आणि बहुतेक ठिकाणी उशिरा सांगतो. त्या फाइलीत काय भरले आहे याची खात्री नसते हे तर झालेच, परंतु ती फाइल अगदी शुद्ध असली तरी उपयोग होत नाही. युनिव्हर्सल सी रनटाइम हा अनेक लहान फाइलींचा जथा आहे, त्यातील एक आणली की दुसरीचे नाव येते, दुसरी आणली की तिसरीचे.

शिवाय बिटांचा घोळ असतो. ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ नावाच्या फोल्डरात ६४ बिट फाइली राहतात आणि ३२ बिट फाइली सिसवाव६४ नावाच्या फोल्डरात. नावे उलटी वाटतात, पण जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून सिस्टम३२ हे नाव तसेच ठेवले गेले आहे. साहजिकच माणूस ३२ बिट फाइल सिस्टम३२ मध्ये टाकतो आणि मग शून्य-एक्स-सी०००००७बी या आकड्याचा संदेश येतो. ६४ बिट प्रोग्रामच्या हाती ३२ बिट फाइल पडली, किंवा उलट झाले, की हा आकडा हमखास दिसतो. गिरगावात नेमके हेच घडले होते. अशा वेळी टाकलेली फाइल आधी शोधून काढून टाकावी. मात्र तीच काढावी, शेजारची नाही. त्यासाठी फोल्डरातील फाइली 'डेट क्रिएटेड' या स्तंभाप्रमाणे लावल्या की नुकतीच आलेली फाइल वर दिसते.

काही दुरुस्तीवाले यानंतर रेगएसव्हीआर३२ ही आज्ञा देऊन फाइलीची नोंदणी करायला सांगतात. रनटाइमच्या या फाइलींना नोंदणी नसतेच, त्यामुळे नोंदणीचे फंक्शन सापडले नाही, एवढेच उत्तर मिळते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो उपाय आहे.

विंडोज ७ वर घटक बसवण्याचा क्रम

येथे क्रमाला फार महत्त्व आहे. व्हिज्युअल सी प्लस प्लसचा संच बसवायला गेल्यावर तोच अपयशी झाला आणि शून्य-एक्स-८०२४००१७ हा आकडा आला, तर तो संच बिघडलेला नसतो. संच आपल्या पोटातली केबी२९९९२२६ बसवू पाहतो आणि सर्व्हिस पॅक नसल्याने विंडोज तिला नकार देते. म्हणून खालून वर जावे.

सर्वांत खाली सर्व्हिस पॅक १. हा केबी९७६९३२ या क्रमांकाने ओळखला जातो. पुढच्या सर्व अपडेट मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर क्रमांक टाकून शोधाव्यात. क्रमांकापूर्वीची केबी ही अक्षरे इंग्रजीत, आकड्याला जोडून लिहायची असतात. जुन्या यंत्रावरील ब्राउझरमध्ये हे स्थळ उघडेलच असे नाही, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर फाइली उतरवून पेनड्राइव्हने आणणे सोयीचे पडते.

त्यानंतर केबी४४९०६२८ आणि मग केबी४४७४४१९. या दोन अपडेटकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, कारण कोणत्याही संदेशात त्यांचे नाव येत नाही. मायक्रोसॉफ्ट पूर्वी आपल्या फाइलींवर एसएचए-१ आणि एसएचए-२ अशा दोन पद्धतींच्या सह्या करत असे. पहिली पद्धत कमकुवत ठरल्यावर २०१९ मध्ये विंडोज ७ च्या अपडेटवर केवळ एसएचए-२ सही येऊ लागली आणि ऑगस्ट २०२० मध्ये केवळ एसएचए-१ सही असलेला मजकूर डाउनलोड सेंटरवरून काढून टाकण्यात आला. जुने विंडोज ७ नवी सही वाचू शकत नाही. ज्याला मोडी येत नाही त्याच्यापुढे अस्सल दस्त ठेवला तरी तो खरा की खोटा हे त्याला ठरवता येणार नाही, तशी त्या यंत्राची स्थिती होते. अपडेट बसवताना ८००९२००४ हा आकडा आला तर याच दोन अपडेट नाहीत असे प्रथम धरावे. यांतील पहिली अपडेट बसवण्याच्या यंत्रणेची दुरुस्ती करते, दुसरी एसएचए-२ ची ओळख करून देते. दोन्ही झाल्यावर संगणक रीस्टार्ट करावा, नुसता बंद-चालू करण्याचा कंटाळा येथे महागात पडतो.

या फाइलींचे विस्तारनाम एमएसयू असते आणि त्या डबल क्लिक केल्यावर 'या संगणकावरील अपडेट शोधत आहे' अशा अर्थाची चौकट तासन्‌तास तशीच राहू शकते. यंत्र अडकले आहे असे समजून ते बंद करू नये. चौकट रद्द करावी, इंटरनेटची तार काढावी, सर्व्हिसेस या यादीतील विंडोज अपडेट ही सेवा थांबवावी आणि मग फाइल पुन्हा चालवावी. बहुतेक वेळा काही मिनिटांत काम होते. याउलट 'ही अपडेट तुमच्या संगणकाला लागू नाही' असे उत्तर आले तर तीन शक्यता असतात: फाइल चुकीच्या बिटांची किंवा दुसऱ्या विंडोजची आहे, सर्व्हिस पॅक नाही, किंवा तीच अपडेट अथवा तिच्यापुढची अपडेट आधीच बसलेली आहे. कंट्रोल पॅनेलमधील बसवलेल्या अपडेटच्या यादीत क्रमांक पाहिला की तिसरी शक्यता निकाली निघते.

पाया झाल्यावर केबी२९९९२२६ बसवावी. विंडोज ८.१ असेल तर तिच्याआधी केबी२९१९३५५ ही एप्रिल २०१४ ची मोठी अपडेट असणे आवश्यक आहे. त्यानंतर व्हिज्युअल सी प्लस प्लसचे हवे ते संच बसवावेत. प्रत्येक फाइलीवर राइट क्लिक करून ती अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावी. संच आधीपासून असेल तर दुरुस्तीचा, म्हणजे रिपेअरचा पर्याय दिसतो, तो निवडण्यात काही गैर नाही.

यानंतर डॉटनेट फ्रेमवर्क, म्हणजे पुष्कळ प्रोग्राम ज्यावर चालतात ती मायक्रोसॉफ्टची चौकट. विंडोज ७ मध्ये ३.५.१ ही आवृत्ती अंगभूत असते, परंतु ४ च्या पुढची वेगळी आणावी लागते. ४ च्या मालिकेत नवी आवृत्ती जुनीची जागा घेते, त्यामुळे ४.५, ४.६, ४.७ असे एकेक बसवत न बसता थेट ४.८ बसवावी. विंडोज ७ साठी तीच शेवटची आहे आणि ४.८.१ तेथे बसत नाही. प्रोग्राम ३.५ मागत असेल तर मात्र ४.८ असून उपयोग नाही, कारण ते दोन वेगळे खांब आहेत. ४.७ पासून पुढे डी३डीकंपायलर४७ या फाइलीची गरज लागते आणि ती विंडोज ७ वर केबी४०१९९९० ने मिळते, म्हणून ही अपडेट आधी बसवावी. इंटरनेट नसलेल्या यंत्रावर डॉटनेटचा सेटअप प्रमाणपत्रांची साखळी विश्वसनीय मुळाशी पोहोचत नाही अशी तक्रार करतो. त्यावर मायक्रोसॉफ्ट रूट सर्टिफिकेट ऑथॉरिटी २०११ हे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या स्थळावरून आणून, स्थानिक संगणकाच्या विश्वसनीय मूळ प्रमाणपत्रांच्या कप्प्यात बसवणे हा उपाय आहे. चालू वापरकर्त्याच्या कप्प्यात ते बसवले तर पुरत नाही.

अखेरचा थर जोडणीचा आहे. पुष्कळ सेटअप फाइली एक-दोन एमबीच्या असतात आणि उरलेला प्रोग्राम चालू असताना इंटरनेटवरून आणतात. आजचे बहुतेक सर्व्हर टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या बोलीची १.२ पेक्षा जुनी आवृत्ती बोलत नाहीत. विंडोज ७ ला १.२ येते, पण विचारल्याशिवाय ते ती बोलत नाही. केबी३१४०२४५ बसवून, त्यासोबत मायक्रोसॉफ्टने दिलेली रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींची दुरुस्ती केली की काम होते. केवळ अपडेट बसवून रजिस्ट्री तशीच ठेवली तर काहीच बदलत नाही. माझा स्वतःचा कल मात्र प्रोग्रामचा ऑफलाइन, म्हणजे पूर्ण आकाराचा सेटअप मिळतो का ते आधी पाहण्याकडे असतो, कारण पुढच्या वेळीही तोच वापरता येतो.

संदेश न देताच सेटअप थांबला तर

काही सेटअप 'गंभीर चूक' किंवा १६०३ एवढेच सांगून निघून जातात. १६०३ हा आकडा 'काहीतरी बिघडले' एवढेच सांगतो, त्यामुळे त्यावर शोध घेत बसू नये. रन चौकटीत टेंप हा शब्द दोन टक्केचिन्हांच्या मध्ये लिहून उघडणाऱ्या फोल्डरात सर्वांत नवी लॉग फाइल असते. तीत इंग्रजीतील 'रिटर्न व्हॅल्यू ३' हे शब्द शोधावेत आणि ते सापडले की त्याच्या वरच्या दहा-पंधरा ओळी वाचाव्यात. खरे कारण तेथे लिहिलेले असते. इव्हेंट व्ह्यूअरमधील अ‍ॅप्लिकेशन या नोंदवहीतही साइड बाय साइडच्या तक्रारी कोणत्या संचाच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहेत ते सविस्तर मिळते. डिपेंडन्सी वॉकर हे जुने साधन अनेक जण सुचवतात, परंतु एपीआय-एमएस-विन नावांची व्यवस्था त्याला समजत नसल्याने ते असलेल्या फाइलीही नाहीत म्हणून लाल रंगात दाखवते. मी ते वापरणे सोडले आहे.

कोठे थांबावे

'या प्रोग्रामला विंडोज १० हवे' असे सेटअप सुरुवातीलाच म्हणाला तर त्याने केवळ आवृत्तीचा क्रमांक पाहिलेला असतो. कंपॅटिबिलिटीच्या सोयीने त्याला खोटा क्रमांक सांगता येतो आणि क्वचित ते पचतेही. बहुतेक वेळा मात्र प्रोग्राम बसतो आणि पहिल्याच वेळी चालवताना कर्नेल३२ ची तक्रार करून बंद होतो. विंडोज ७ मध्ये नसलेली फंक्शने पुरवणारे अनधिकृत थरही लोकांनी बनवले आहेत, ते हौसेच्या यंत्रावर वापरून पाहावेत, सभासदांच्या पैशांचा हिशेब असलेल्या यंत्रावर नाही.

त्यापेक्षा त्या विंडोजवर चालणारी शेवटची आवृत्ती शोधावी. विंडोज ७ साठी क्रोम १०९, फायरफॉक्सची ११५ ही विस्तारित आधाराची आवृत्ती आणि पायथन ३.८ या त्या सीमा आहेत. इलेक्ट्रॉन या चौकटीवर बांधलेल्या प्रोग्रामसाठी तिची २२ ही आवृत्ती शेवटची. विंडोज एक्सपीवर डॉटनेट ४.० च्या पुढे जाता येत नाही आणि त्यावर नवे काही बसवण्याच्या खटपटीत मी पडत नाही. विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, पैसे भरून मिळणारा वाढीव आधारही जानेवारी २०२३ मध्ये संपला, तेव्हा वरील सर्व अपडेट बसवूनही ते यंत्र आजच्या अर्थाने सुरक्षित होत नाही. केवळ एखाद्या प्रोग्रामच्या परवान्याच्या जुन्या डोंगलसाठी किंवा जुन्या प्लॉटरसाठी (मोठे नकाशे काढणाऱ्या यंत्रासाठी) ते ठेवले असेल, तर इंटरनेटची तार काढून ठेवणे आणि बँकेचे व्यवहार दुसऱ्या संगणकावर करणे हेच योग्य. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील संगणकांच्या बाजारात वापरलेले यंत्र घेऊन त्यावर विंडोज १० टाकण्याचा सल्लाही दिला जातो. त्या विंडोजचाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे खर्च मंजूर करणाऱ्या समितीला आधी सांगावे.

गिरगावच्या संगणकावरची ती उपरी फाइल काढल्यावर बिल्ड क्रमांक ७६०० निघाला. सर्व्हिस पॅकपासून हिशेबाच्या प्रोग्रामपर्यंत सगळे बसायला एक अख्खी दुपार गेली. बसवलेल्या सगळ्या फाइली मी एका पेनड्राइव्हवर ठेवल्या, प्रत्येकीच्या नावापुढे क्रमांक घातला, ३२ आणि ६४ बिटांचे फोल्डर वेगळे केले, आणि तो पेनड्राइव्ह सचिवांनी भागपत्रांच्या नोंदवहीच्या कपाटात ठेवला. कोणती फाइल कोणत्या तारखेला बसली आणि कोणत्या फाइलीनंतर रीस्टार्ट केले, ते कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे.